आजचा हिशेब आजच

रात्रीचे साडेआठ वाजले आहेत. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानाचे शटर अर्धे खाली आले आहे. मालक गल्ला मोजतो आहे. रोजमेळाच्या वहीत आजची विक्री, उधारी, मोबाईलवरून जमा झालेली रक्कम, मालवाल्याला दिलेले पैसे असे सारे मांडून झाले. पण शिल्लक जुळत नाही. चाळीस रुपये कमी पडताहेत. तो पुन्हा मोजतो. मग आठवते, दुपारी हमालाला चहापाण्यासाठी चाळीस रुपये दिले, ते मांडायचे राहिले. मेळ बसतो. त्याच्या जिवाला बरे वाटते.

शेजारी पोत्यावर बसून त्याची सातवीतली मुलगी इतिहासाचे पुस्तक वाचते आहे. “झाला का गं अभ्यास?” बाप विचारतो. “झाला बाबा. दोनदा वाचलं.” “शाब्बास! चल, घरी जाऊ.”

वाचकहो, हा प्रसंग मी कल्पनेने रंगवला आहे, पण तो तुम्हाला अनोळखी वाटणार नाही. त्यातली गंमत बघा. गल्ल्याच्या बाबतीत हा गृहस्थ “जुळत असेल” असे म्हणून उठला नाही. चाळीस रुपयांसाठी त्याने दोनदा नोटा मोजल्या. मुलीच्या अभ्यासाच्या बाबतीत मात्र “झाला” या एका शब्दावर त्याचे समाधान झाले. तिथे शिल्लक मोजण्याची त्याला आठवणसुद्धा झाली नाही. ती मोजणी मग मार्चमध्ये होईल, परीक्षेच्या वेळी. आणि तेव्हा काही दुरुस्त करायला हाती दिवस उरलेले नसतील.

मला आज सांगायचे आहे ते एवढेच, की अभ्यास असो वा धंदा, चूक ज्या दिवशी झाली त्याच दिवशी सापडली तर ती स्वस्तात निभावते. वर्षअखेरीस सापडली तर तीच चूक महाग पडते. रोज चाळीस रुपये गळत राहिले आणि कुणाच्या लक्षात आले नाही, तर तीनशे दिवसांत बारा हजार जातात. विसरलेल्या धड्यांचीही गळती अशीच चालते. फक्त ती वहीत दिसत नाही.

आता ही गळती किती असते ते पाहू. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या एका जर्मन मानसशास्त्रज्ञाने तिचे मोजमाप केले आणि ते 1885 साली प्रसिद्ध केले. दुसरे कुणी मिळाले नाही म्हणा, किंवा दुसऱ्यावर भरवसा नव्हता म्हणा, त्याने प्रयोग स्वतःवरच केला. ज्यांना काही अर्थ नाही असे अक्षरगट तो यादी करून पाठ करी. मग काही वेळाने तीच यादी पुन्हा पाठ करायला बसे आणि पहिल्या वेळेपेक्षा श्रम किती वाचले ते मोजी. वाचलेले श्रम म्हणजे मनात राहिलेली शिल्लक. वीस मिनिटांनी ही शिल्लक 58 टक्के होती, तासाभराने 44, एका दिवसाने 34, आणि 31 दिवसांनी 21. म्हणजे सर्वांत मोठी गळती पहिल्याच दिवशी होते, पुढे ती मंदावते. अर्थ असलेला धडा यापेक्षा अधिक टिकतो, हे खरे; पण गळतीची रीत साधारण हीच.

मग उपाय काय? पुष्कळांचा उपाय म्हणजे पुन्हा वाचणे. परंतु इथे मन आपल्याला फसवते. दुसऱ्यांदा वाचताना ओळी ओळखीच्या वाटतात आणि आपण समजतो, आपल्याला येते! रोज रस्त्यात दिसणारा माणूस ओळखीचा वाटतो. पण “त्याचे नाव सांगा” म्हटले की आपण गप्प होतो ना? ओळख पटणे निराळे आणि आठवणे निराळे.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी 2006 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग या बाबतीत फार बोलका आहे. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढे कागदावर लिहून काढले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते: त्यांना 81 टक्के आठवले, दुसऱ्यांना 75. पण आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पारडे फिरले. दोनदा वाचणाऱ्यांना 42 टक्के आठवले, आणि एकदा वाचून एकदा आठवून लिहिणाऱ्यांना 56. वेळ दोघांनी सारखाच दिला होता! त्यांच्याच दुसऱ्या एका प्रयोगात काहींनी उतारा चार वेळा वाचला. तेव्हा “आम्हाला हे पुढे नीट आठवेल” अशी खात्री त्यांनाच अधिक होती, आणि आठवड्याने मागे पडले तेही तेच.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, आठवून पाहणे ही नुसती परीक्षा नव्हे, तोच एक अभ्यास आहे. आठवण ओढून बाहेर काढताना ती पक्की होते. दुसरी, आपल्याला किती येते याचा आपला अंदाज भरवशाचा नसतो. म्हणून मोजून पाहावे लागते, गल्ल्यासारखे.

घरी हे करायचे कसे? खर्च एका पाटकोऱ्या कागदाचा. मुलाने धडा वाचला, की पुस्तक मिटावे आणि दहा मिनिटे आठवेल ते लिहावे. मग पुस्तक उघडून ताडून पाहावे. जे राहिले, जे चुकले, तेवढ्याखाली रेघ मारावी आणि तेवढेच पुन्हा वाचावे. सगळा धडा नव्हे. दुसऱ्या दिवशी नवा धडा घेण्याआधी कालचा पाच मिनिटे आठवावा. पुन्हा तीनचार दिवसांनी, मग पंधरा दिवसांनी. या दिवसांचे काही पंचांग नाही. मध्ये थोडे विसरायला वेळ मिळावा आणि मग आठवावे, एवढेच पाहायचे. गणिताचे म्हणाल तर सोडवलेले उदाहरण झाकून ठेवून पुन्हा सोडवावे. आणि नुसती सनावळी आठवून थांबू नये, “असे का झाले?” हेही स्वतःच्या शब्दांत सांगता आले पाहिजे. पाठ झालेले सगळेच समजलेले असते असे नाही.

आईवडिलांना लिहितावाचता येत नसले तरी अडत नाही. पोळ्या लाटता लाटता आईने “आज काय शिकलास, मला सांग बघू” म्हटले तरी काम झाले. मुलगा अडखळला की त्यालाच कळते, कुठे कच्चे आहे ते.

आता शाळेकडे वळू. वर्गात पन्नास मुले; प्रत्येकाला रोज विचारणार कधी, असे शिक्षक म्हणतील, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. त्यांना एक सोपी युक्ती सांगतो. तास संपायला पाच मिनिटे असताना फळ्यावर एकच प्रश्न लिहावा आणि मुलांनी चिठ्ठीवर उत्तर द्यावे. गुण द्यायचे नाहीत, वहीत नोंदायचे नाहीत. चिठ्ठ्यांच्या तीन चळती करायच्या: आले, अर्धवट आले, आले नाही. तिसरी चळत मोठी असली तर उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते शिक्षकांना आजच कळते. आपल्याकडे शिक्षणहक्क कायदा 2010 साली लागू झाला, आणि त्यानंतर आकारिक मूल्यमापन आले, त्यामागचा विचार हाच होता. दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी त्यातल्या नोंदी तेवढ्या उरल्या, आणि नोंदी भरता भरता मूल नजरेआड झाले.

मूल आज नेमके कुठे उभे आहे, हे पाहण्याचा फायदा किती होतो याचा दाखला मुंबईतच आहे. ‘प्रथम’ ही संस्था इथे 1990 नंतरच्या दशकात उभी राहिली. तिने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत ‘बालसखी’ नावाचा उपक्रम चालवला. तिसरी-चौथीतली मागे पडलेली मुले रोज दोन तास निराळी घेऊन, वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी त्यांना अक्षरओळखीपासून, अंकांपासून शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उपक्रमाची काटेकोर पाहणी केली; ती 2007 साली प्रसिद्ध झाली. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली, आणि जी सर्वांत मागे होती त्यांना लाभ अधिक झाला. पण उपक्रम सुटल्यावर वर्षभरात तो फायदा बराचसा ओसरला, हेही त्याच पाहणीत आढळले. पुढे ‘प्रथम’ने यातूनच एक पद्धत बसवली. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असा चढता कागद मुलापुढे धरायचा. काही मिनिटांत कळते, ते कुठे अडते. मग इयत्ता न पाहता त्या पायरीवरून शिकवायचे. पाचवीतल्या मुलाला दुसरीचा मजकूर वाचता येत नसेल, तर त्याच्यापुढे पाचवीचे पुस्तक धरून काय उपयोग? आणि अशी मुले थोडी नाहीत. 2022 सालच्या ‘असर’ पाहणीत देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. ही मुले एका दिवसात मागे पडलेली नाहीत. पहिलीतली चूक पाचवीपर्यंत कुणी पाहिली नाही.

शाळेतून आता पुन्हा धंद्याकडे येऊ. तिथे हीच गोष्ट यंत्राने शिकवली आहे. इचलकरंजीत 1904 साली पहिला यंत्रमाग आला. तिथल्या कोणाही विणकराला विचारा: ताण्याचा एक धागा तुटला आणि नजर चुकली, तर माग थांबत नाही, तो खडखडत राहतो आणि कापडात दोष पुढे पुढे जात राहतो. तागा उतरल्यावर पाहावे तो माल दुय्यम! जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी यावर उपाय शोधला. 1924 साली पुऱ्या झालेल्या त्यांच्या स्वयंचलित मागाला धागा तुटताच आपोआप थांबण्याची सोय होती. दोष पुढच्या हातभर कापडात जाऊच नये, ही त्यातली दृष्टी. हा माग इतका सरस ठरला की 1929 साली इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या मोठ्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेतले. याच घराण्याने पुढे मोटारी बनवल्या, आणि दोष दिसताच कामगाराने काम थांबवावे ही रीत आपल्या कारखान्यांतही नेली.

लहान दुकानदाराला असा माग नको. दोन वह्या पुरेत. एक रोजमेळाची. तीत रोख, उधारी आणि मोबाईलवरून आलेले पैसे निरनिराळे मांडावेत. कारण गल्ल्यात पैसे दिसले म्हणजे नफा झाला असे नव्हे, त्यातले बरेचसे उद्या मालवाल्याचे असतात. दुसरी वही ‘नाही’ची. गिऱ्हाइकाने मागितले आणि आपण “नाही” म्हटले, असे जे जे दिवसभरात झाले ते तिथे टिपावे. विकलेल्या मालाची नोंद सगळेच ठेवतात. न विकलेल्या गिऱ्हाइकाची कोण ठेवतो? आठ दिवस ही वही चालवलीत, तर पुढचा माल काय भरावा हे तीच सांगेल.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. रोज मोजायचे ते कशासाठी? दुरुस्तीसाठी. शिक्षेसाठी नव्हे. मुलाने मोकळेपणी “मला हे आठवत नाही” म्हटले आणि त्याबद्दल त्याला धपाटा मिळाला, तर उद्या ते काय करील? पुस्तकातले बघून लिहील आणि “झाला” म्हणेल. हिशेबात चूक सांगणाऱ्या नोकराचा पगार कापला, तर उद्यापासून चुका होतील तेवढ्याच, पण तुम्हाला कळणार नाहीत. एडवर्ड्स डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ 1950 साली जपानच्या कारखानदारांना गुणवत्तेचे धडे द्यायला गेले होते. पुढे त्यांनी व्यवस्थापनाची चौदा सूत्रे सांगितली, आणि कामाच्या जागेवरून भीती हटवावी, हे त्यांतले एक सूत्र ठेवले. ज्याची सारी हयात मोजमापात गेली त्याला हे सांगावेसे वाटले, कारण भ्यालेला माणूस खोटे आकडे देतो आणि खोट्या आकड्यांवरून काहीच सुधारता येत नाही.

वर्षाच्या शेवटी ‘कच्चा’ असा शिक्का बसलेली मुले आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. त्यांतली किती खरोखर मंद होती, आणि किती जणांची चूक फक्त वेळेवर कुणी पाहिली नव्हती? हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. तुम्हालाही करावा, असे वाटते.

तेव्हा त्या दुकानदारासारखेच तुम्हीही आज रात्री दिवसाचा मेळ घालाच. आणि मग मुलाला किंवा मुलीला जवळ बसवून “झाला का अभ्यास?” असे विचारू नका. पुस्तक मिटायला सांगा आणि म्हणा, “काय काय आठवतंय, सांग बघू.” अडले तर रागावू नका, तेवढे पान दोघे मिळून पुन्हा पाहा. दहा मिनिटे लागतील. आठ दिवस एवढे करून पाहा, आणि नवव्या दिवशी पहिल्या दिवसाचा धडा विचारा.