पोकळ, पण पक्कं

कळमेश्वरच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांपर्यंत चढतो आणि दोन महिन्यांत पावसाची ओल येते. सागाची जाड फळी अशा हवेत आकसते, फुगते, वाकते. सुतारकामासाठी सपाट पाट हवा असेल तर पोकळ पेटी बांधावी, असं माझं ठाम मत आहे.

रचना फ्लश दरवाजासारखीच: वर-खाली 6 मिमी प्लायचे पापुद्रे, मध्ये 12 मिमी प्लायच्या 63 मिमी उंच पट्ट्यांची 15 सेंमी चौकटींची जाळी. पट्ट्यांना अर्ध्या उंचीपर्यंत खाचा पाडून त्या एकमेकींत बसवायच्या. 6 बाय 3 फुटांचा पाट साधारण 25 किलोचा होतो. तेवढीच 19 मिमी प्लाय 20 किलोंची. पण ताठपणा हिशेबाने वीस पटींहून जास्त! कारण वाकण्याचा ताण वरच्या-खालच्या पापुद्र्यांवरच येतो आणि त्यांच्यातलं अंतर वाढलं की ताठपणा झपाट्याने वाढतो.

खरी मेहनत मात्र चिकटवण्याआधीची. डिंक सुकताना जो आकार असेल तोच कायमचा राहतो; खालची जागा पिळलेली असेल तर पाटही पिळलेलाच निघेल. म्हणून दोन घोड्यांवर सरळ आडवे दांडे ठेवून कोपऱ्या-कोपऱ्यांत तिरपे दोरे ताणा. मध्यभागी दोरे हलके टेकले, म्हणजे चारही कोपरे एका पातळीत. सगळ्या पट्ट्या एकाच मापावर, एकाच बैठकीत कापा. एखादी अर्ध्या मिलिमीटरने जरी उंच राहिली तरी तिथे उंचवटा येतो. मग डिंक लावून वर विटांचं सारखं वजन ठेवा आणि रात्रभर हात लावू नका.

कडांना लाकडी पट्टी हवीच, नाहीतर पावसाळ्यात ओल तिथूनच शिरते.