परक्या मैदानावरील पाहुणे : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

म्युनिक, लंडन, स्टुटगार्ट, अ‍ॅम्स्टरडॅम अशा शहरी नोकरीनिमित्त जाऊन राहिलेल्या मराठी मंडळींपैकी ज्यांना तेथील फुटबॉलचा नाद लागतो, त्यांच्या मनात, घरच्या मैदानावरील सामने पुरेसे पाहून झाले म्हणजे, एक नवाच बेत मूळ धरू लागतो : आपला संघ परगावी खेळावयास निघाला की आपणही त्याच्या मागोमाग निघावे, शुक्रवारी सायंकाळी विमान किंवा आगगाडी गाठावी, शनिवारी सामना पाहावा, आणि रविवारी त्या शहरातील चर्चे, चौक व चित्रशाळा पाहून रात्री घरी परतावे. बेत उत्तम आहे. मात्र ज्या समजुतींच्या आधारावर तो आखला जातो त्या बहुतेक नाट्यगृहाच्या अनुभवातून आलेल्या असतात. खेळाची तारीख जाहीर झाली म्हणजे ती ठरली, तिकिटाचे पैसे मोजले म्हणजे प्रवेश मिळाला, आणि पडदा पडला म्हणजे प्रेक्षक मोकळा झाला, असे त्यांत गृहीत धरलेले असते, आणि परक्या मैदानावर जाणाऱ्या प्रेक्षकाच्या बाबतीत या तिहींपैकी एकही गोष्ट खरी नसते. दूरचित्रवाणी कंपन्या, पोलीसखाते आणि सरहद्दीवरील अंमलदार यांच्या सोयीने ज्याचा प्रवास चालतो असा तो एक बंदोबस्ताचा विषय असतो.

आपल्याकडे हे चटकन ध्यानात येत नाही, याला कारण आहे. फुटबॉलच्या वेडात कोल्हापूरची बरोबरी करील असे शहर महाराष्ट्रात नाही. परंतु पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा या तालमींचे संघ परस्परांशी कितीही ईर्षेने झुंजले तरी ते झुंजतात एकाच राजर्षी शाहू स्टेडियमवर, त्यामुळे परक्या मैदानावरचा पाहुणा प्रेक्षक ही जातच तेथे फारशी निर्माण झाली नाही. युरोपात प्रत्येक क्लबाचे मैदान स्वतंत्र, आणि यजमान व पाहुणा हा भेद प्रवेशद्वारापासून स्वच्छतागृहापर्यंत कसोशीने पाळलेला.

सर्वांत मूलभूत गैरसमज शनिवार-रविवारचाच आहे. ज्या स्पर्धांमुळे एका देशाचा संघ दुसऱ्या देशात जातो, त्या चॅम्पियन्स लीगचे सामने सामान्यतः मंगळवारी व बुधवारी, आणि युरोपा व कॉन्फरन्स लीगचे गुरुवारी होतात. अपवाद अंतिम सामन्याचा, जो चॅम्पियन्स लीगमध्ये 2010 सालच्या माद्रिद येथील लढतीपासून शनिवारी खेळवला जातो. म्हणजे लंडनच्या संघाचा समर्थक त्याच्यामागे मिलानला जाऊ म्हणेल तर त्याला आठवड्याच्या मध्यास रजाच टाकावी लागेल. खरीखुरी शनिवार-रविवारची सफर राष्ट्रीय लीगच्या सामन्यांसाठीच संभवते. म्युनिककराने डॉर्टमुंडला जावे, किंवा लंडनकराने तटस्थ वृत्तीने जर्मनीतील एखादा सामना पाहून यावे, इतकेच.

पण तेथेही तारखेचा प्रश्न आहेच, आणि सर्वांत अधिक पैसा येथे वाया जातो. जून-जुलैमध्ये मोसमाचे वेळापत्रक प्रसिद्ध होते, त्यात प्रत्येक सामन्यासमोर एक तारीख छापलेली असते, आणि उत्साही मनुष्य त्याच रात्री स्वस्त विमानाचे तिकीट काढून मोकळा होतो. वस्तुतः ती तारीख म्हणजे केवळ मसुदा असतो. 'त्या सप्ताहाच्या अखेरीस केव्हातरी', एवढाच तिचा अर्थ. जर्मनीत बुंडेसलीगाचे सामने शुक्रवारी रात्री 8.30, शनिवारी दुपारी 3.30 व सायंकाळी 6.30, आणि रविवारी 3.30 व 5.30 अशा वेळांत विभागलेले असतात, आणि कोणता सामना कोणत्या वेळी हे लीगचे व्यवस्थापन टप्प्याटप्प्याने, काही आठवडे आधी मुक्रर करते. इंग्लंडमध्ये प्रक्षेपणाचे हक्क घेतलेल्या कंपन्या आपली निवड कळवतील त्याप्रमाणे शनिवारचा सामना रविवारी, किंवा थेट सोमवारी रात्री जाऊन पडतो. जाणते समर्थक एक आडाखा बांधतात, आणि तो बहुधा खरा ठरतो : आपला किंवा प्रतिस्पर्धी संघ गुरुवारी युरोपात खेळणार असेल तर पुढचा लीगचा सामना रविवारी होईल असे धरून चालावे.

सामना हलला तर विमान कंपनी पैसे परत देईल, ही आशाही निराधार आहे. युरोपीय संघाचा 2004 सालचा 261 क्रमांकाचा विनियम प्रवाशाच्या बाजूचा आहे खरा, 1500 किलोमीटरपर्यंतच्या उड्डाणास कंपनीच्या कसुरीमुळे तीन तासांहून अधिक उशीर झाल्यास तो 250 युरो भरपाई देववितो. परंतु विमान वेळेवर उडाले आणि सामना मात्र दुसऱ्या दिवशी गेला, तर त्या कज्ज्याशी कंपनीचा काडीमात्र संबंध नाही. निसर्ग कधीकधी दोन्ही खात्यांवर एकदमच हात चालवतो. 2 डिसेंबर 2023 रोजी म्युनिकमध्ये असा बर्फ पडला की विमानतळ बंद झाला आणि बायर्न विरुद्ध युनियन बर्लिन हा सामनाही तहकूब झाला. तो पुढे 24 जानेवारीला, म्हणजे बुधवारी खेळवण्यात आला. ज्या परगावकरांनी शनिवार म्हणून तिकिटे काढली होती, त्यांनी त्या बुधवारचे काय केले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. या सर्व घडामोडीत समर्थकांना काहीच आवाज नसतो असे मात्र नाही. जर्मन समर्थकांनी मैदानात टेनिसचे चेंडू फेकण्यापर्यंत मजल मारून सोमवारच्या सामन्यांविरुद्ध जो तंटा मांडला, त्यापायी बुंडेसलीगाने 2021-22 पासून सोमवार बंद केला.

पाहुण्यांचे तिकीट महाग असते, हा समज तर वस्तुस्थितीच्या बरोबर उलट आहे. समर्थकांच्या संघटनांनी 'वीस पौंड पुरे' अशी चळवळ चालवल्यानंतर इंग्लंडच्या प्रीमियर लीगने 2016-17 पासून पाहुण्या समर्थकांच्या तिकिटास 30 पौंडांची कमाल मर्यादा घातली. युएफा या युरोपीय फुटबॉलच्या शिखर संघटनेनेही चॅम्पियन्स लीगसाठी पूर्वीची 70 युरोंची मर्यादा 2024-25 मध्ये 60 वर आणि पुढच्या मोसमात 50 वर आणली. दुर्मीळ आहे ती जागा. युरोपीय सामन्यांत मैदानाच्या क्षमतेच्या 5 टक्के, जर्मनीत 10 टक्के, आणि प्रीमियर लीगमध्ये 3000 किंवा 10 टक्के यांपैकी जे कमी असेल तेवढी तिकिटे पाहुण्या क्लबाकडे जातात, आणि तो क्लब ती आपल्या सभासदांना, ज्याने पूर्वी परक्या मैदानांवर अधिक हजेरी लावली असेल त्याला आधी, अशा क्रमाने देतो. म्हणजे मोठ्या सामन्याचे तिकीट मिळावयास आधी पाऊसपाण्यात लहान गावांच्या वाऱ्या केलेल्या असाव्या लागतात. या पद्धतीवर पुष्कळजण रुष्ट असतात. आम्हाला ती न्याय्य वाटते.

मग यजमानांच्या भागातील तिकीट घेऊन गुपचूप बसावे, असा विचार पुढे येतो. त्याचे सर्वांत प्रचंड उदाहरण 14 एप्रिल 2022 रोजी बार्सिलोनात घडले. आयन्ट्राख्ट फ्रँकफुर्टला अधिकृतपणे सुमारे 5000 तिकिटे मिळाली होती, आणि प्रत्यक्षात जवळजवळ 30,000 पांढऱ्या कपड्यांतील जर्मन कँप नोउमध्ये येऊन बसले. त्यांच्या संघाने 3-2 असा विजय मिळवला, आणि यजमान क्लबाच्या अध्यक्षांना जाहीरपणे शरमिंदे व्हावे लागले. कथा रंजक आहे, पण तिच्यावरून नियम काढू नये. असे प्रकार झाल्यावरच तिकिटावर नाव छापणे, पारपत्राशी ते ताडून पाहणे असे उपाय कडक होतात. इंग्लंडमध्ये तर यजमानांच्या भागात पाहुण्या संघाच्या गोलाला हर्षाने उठून उभे राहणाऱ्यास सेवक बाहेर काढतात, आणि दारावरच्या दलालाकडून तिकीट घेऊ म्हणावे तर फुटबॉलच्या तिकिटांची अनधिकृत फेरविक्री 1994 च्या कायद्याने तेथे गुन्हा ठरलेली आहे.

बरे, कोट्यातील तिकीट हाती आले तरी प्रवेश पक्का होतो काय? इटलीत आणि फ्रान्समध्ये नाही. तेथे जिल्ह्याच्या प्रीफेक्टला, म्हणजे आपल्याकडील कलेक्टरासारख्या अधिकाऱ्याला, शांतताभंगाची भीती वाटल्यास पाहुण्या समर्थकांची तिकीटविक्री बंद करण्याचा किंवा त्यांना शहरात येण्यास मनाई करण्याचा अधिकार आहे, आणि तो अनेकदा सामन्याच्या ऐन तोंडावर वापरला जातो. मार्च 2023 मध्ये नापोली विरुद्ध फ्रँकफुर्ट या सामन्याआधी नेपल्सच्या प्रशासनाने प्रथम जर्मनीतील रहिवाशांना तिकिटे विकण्यास मनाई केली, न्यायालयाने तो हुकूम स्थगित करताच फ्रँकफुर्टच्या रहिवाशांपुरता दुसरा काढला. तरीही काही समर्थक तिकिटाविना गेलेच, आणि शहरात दंगल झाली. त्याच वर्षी जानेवारीत रोमा व नापोली यांच्या समर्थकांची महामार्गावर मारामारी होताच गृहमंत्र्यांनी दोन्ही गटांच्या परगावच्या वाऱ्या दोन महिन्यांसाठी बंद करून टाकल्या. हॉलंडात आयाक्स आणि फायनूर्ड यांच्या लढतींना 2009 पासून पाहुणे समर्थकच नसतात. सबब अशा जोखमीच्या सामन्यासाठी खोली घ्यावी ती शेवटच्या दिवसापर्यंत रद्द करता येईल अशीच. दोन पैसे अधिक पडले तरी चालतील.

भारतीय पारपत्रधारकाला आणखी एक कचेरी ओलांडावयाची असते. लंडनमध्ये राहण्याचा परवाना असला की युरोपभर फिरता येते, आणि म्युनिकमध्ये राहण्याचा असला की लंडनला जाता येते, अशा दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पहिल्यास शेंगेन व्हिसा लागतो, दुसऱ्यास ब्रिटिश. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून आणि किमान 15 दिवस आधी करावयाचा असतो, शुल्क जून 2024 पासून 90 युरो आहे, आणि 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सोबत लागतो. आता हे पाहा, की चॅम्पियन्स लीगच्या सोडती ऑगस्टच्या अखेरीस निघतात आणि सप्टेंबरच्या मध्यास सामने सुरू होतात. प्रतिस्पर्धी कोण हे कळल्यावर अर्ज लिहावयास बसणाऱ्याची पहिली फेरी हुकलीच म्हणून समजावे. अनेक प्रवेशांचा व्हिसा आधीच मिळवून ठेवणे, हाच त्यावर मार्ग.

शहराच्या नावाने फसू नये, हे सांगावयास हवेच, पण त्यात फारसे रहस्य नाही. फ्रँकफुर्ट-हान हा विमानतळ फ्रँकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटरवर आहे, जिरोना बार्सिलोनापासून 90, बोव्हे पॅरिसपासून 80 हून अधिक. आणि ल्यों क्लबाचे मैदान ल्यों शहरात नसून देसीन या उपनगरात आहे. अधिक जाचक आहे ती सामन्यानंतरची अडकवणूक. इटलीत पावणेनऊला सुरू झालेला सामना सुमारे पावणेअकराला संपतो, त्यानंतर गर्दी पांगेपर्यंत पाहुण्यांना अर्धा-पाऊण तास, कधी त्याहून अधिक, आत थोपवून धरतात, आणि मग शेवटची आगगाडी केव्हाच निघून गेलेली असते. रोममध्ये तर पाहुण्यांनी व्हिला बोर्गीजच्या उद्यानात जमून पोलिसांच्या बंदोबस्तात बसने मैदानावर जावे, अशीच तजवीज असते. पायी भटकत जाऊ नये. पाठीवरची पिशवी घेऊन विमानतळावरून परस्पर मैदान गाठू म्हणणाऱ्यांस एवढेच, की अनेक मैदानांवर ए-फोर कागदाहून मोठी पिशवी आत नेऊ देत नाहीत.

मद्याचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. जर्मनीत मैदानात बसून बिअर पिण्यास सहसा आडकाठी नसते, तर इंग्लंडमध्ये 1985 च्या कायद्यान्वये खेळ दिसत असेल अशा जागी पेला हाती धरता येत नाही.

आणि सर्वांत चिवट गैरसमज : परगावी जाणारा समर्थक म्हणजे दंगेखोर. याला आधार मुळीच नाही असे म्हणता येणार नाही. 1985 मध्ये ब्रसेल्सच्या हेसेल मैदानावर लिव्हरपूल समर्थकांच्या चालीमुळे जी चेंगराचेंगरी होऊन भिंत कोसळली, तिच्यात 39 माणसे मेली, आणि इंग्लिश क्लबांना त्यानंतर पाच वर्षे युरोपातून हद्दपार व्हावे लागले. परंतु त्या एका घटनेचा डाग पुढे निरपराधांवर किती सहज लावला गेला हेही पाहावे. 15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जे 97 जीव गेले, त्यांचा दोष पोलिसांनी आणि वृत्तपत्रांनी मद्यधुंद समर्थकांच्या माथी मारला. मृत्यू बेकायदा घडवले गेले आणि समर्थकांकडे कसूर नव्हती, हा पंचांचा निर्णय येण्यास 2016 साल उजाडावे लागले.

एवढे होऊनही 28 मे 2022 रोजी पॅरिसमध्ये तेच सुरू झाले. चॅम्पियन्स लीगचा अंतिम सामना स्ताद द फ्रान्सवर होता, एका उपनगरी मार्गावर संप असल्याने लिव्हरपूलच्या समर्थकांचा लोंढा दुसऱ्या अरुंद वाटेकडे वळला, तपासणीच्या जागी तो तुंबला, अश्रुधूर सोडण्यात आला, आणि सामना अर्ध्या तासाहून अधिक उशिरा सुरू झाला. त्यावर फ्रान्सच्या गृहमंत्र्यांनी तीस ते चाळीस हजार इंग्रज खोट्या तिकिटांनिशी किंवा तिकिटाविना आले होते असे सांगून टाकले. फेब्रुवारी 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्वतंत्र चौकशी अहवालाने हा आरोप निराधार ठरवून प्रमुख जबाबदारी आयोजक युएफावरच ठेवली, आणि पुढच्या महिन्यात लिव्हरपूलच्या कोट्यातील तिकिटांचे पैसे परत करण्याचे युएफाने जाहीर केले. 2026 च्या बुडापेस्ट येथील अंतिम सामन्यासाठी तिने रात्री नऊऐवजी सायंकाळी सहाची वेळ मुक्रर केली. सामना संपल्यावर प्रेक्षकांना घरी किंवा मुक्कामी जावयास वाहने मिळावीत, असे कारण त्या वेळी देण्यात आले.