चोराला वेळ मिळू देऊ नका

ठाण्याजवळच्या दिव्यासारख्या दाटीच्या वस्तीत दुचाकी चोरीला कशी जाते, ती वाचवायची कशी आणि गेलीच तर काय करायचे?

पहाटेची लोकल पकडायला दिव्यात रोज हजारो माणसे घराबाहेर पडतात. साबे, दातिवली, आगासन, मुंब्रादेवी कॉलनी अशा भागांतून स्टेशनपर्यंत चालत जायचे तर अर्धा जीव तिथेच जातो. मग दुचाकी काढायची, स्टेशनजवळच्या गल्लीत किंवा एखाद्या बंद शटरपुढे लावायची आणि लोकलच्या गर्दीत घुसायचे. मालक परततो तो रात्री. मधल्या बारा तासांत गाडीकडे पाहायला कोणी नसते. रात्री तीच गाडी घराखाली येते, पण तिथेही अनेक इमारतींना ना कुंपण, ना फाटक, ना वॉचमन. चाळी आणि मजले भराभर चढले. पार्किंगसाठी जागा सोडण्याचे कोणाच्या मनातही आले नाही.

गाडी निवडताना चोर तिची किंमत पाहतोच, पण त्याआधी पाहतो ती सवड. नुसते हँडल लॉक त्याला फार वेळ अडवत नाही. म्हणून बाजारातले कुलूप असो की गल्लीतला कॅमेरा, प्रत्येक उपायाला दोनच प्रश्न विचारावेत. याने चोराला जास्त वेळ लागेल का? आणि तेवढ्या वेळात त्याला कोणी हटकेल का?

शिळफाट्याच्या पुढे

दिव्याचा भूगोल चोराच्या पथ्यावर पडतो. रेल्वेमुळे गावाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे झालेले. पूर्वेकडून शिळफाट्यावर पोहोचले की रस्ते चहूकडे फुटतात: मुंब्रा बायपासने ठाण्याकडे, महापेमार्गे नवी मुंबईत, खाली पनवेलला, नाहीतर कल्याण-डोंबिवलीकडे. मालक कामावर असतानाच गाडी ठाणे पोलीस आयुक्तालयाची हद्द ओलांडून नवी मुंबईच्या हद्दीत गेलेली असू शकते.

त्यात दिव्याची वस्ती नाना ठिकाणांहून आलेली. ठाण्याच्या एमएच ०४ आणि कल्याणच्या एमएच ०५ च्या रांगेत रत्नागिरीची ०८ आणि कोल्हापूरची ०९ सहज खपून जाते. परका नंबर दिसला म्हणून इथे कोणी चमकत नाही, आणि परका माणूस दिसला तरी नाही.

चोरलेल्या गाडीच्या वाटाही ठरलेल्या आहेत. काही गाड्या सुट्या होऊन भंगारात आणि जुन्या पार्टच्या धंद्यात जातात. जे मॉडेल रस्त्यावर जास्त, त्याच्या पार्टना गिऱ्हाईक जास्त. काही गाड्या ‘कागद मागाहून देतो’ या बोलीवर स्वस्तात गावाकडे विकल्या जातात. काही सोनसाखळी खेचण्यासाठी वापरून टाकून दिल्या जातात, तर काही पेट्रोल संपेपर्यंत फिरवून रस्त्याकडेला सोडल्या जातात.

मालकाच्या हातात काय?

पहिला उपाय सगळ्यात स्वस्त: दुसरे कुलूप. डिस्क लॉक किंवा जाड साखळी लावली की कामाचा वेळ वाढतो आणि आवाजही होतो. साखळी नुसत्या चाकात अडकवली तर दोघे मिळून गाडी उचलून टेम्पोत टाकू शकतात. ती लोखंडी खांबाला किंवा पक्क्या कठड्याला बांधावी. इंजिन बंद पाडणारा छुपा स्विच आणि जीपीएस यंत्र ही त्यापुढची पायरी. मात्र जीपीएस चोरी थांबवत नाही, गाडी शोधायला मदत करतो. त्याचे सिम चालू आहे ना, हे अधूनमधून पाहावे लागते.

दुसरा मुद्दा नंबर प्लेटचा. चोरी झाली की आधी प्लेट बदलली जाते. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना सक्तीची झालेली उच्च सुरक्षा नंबर प्लेट त्यासाठीच आहे. तिच्यावर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेझरने कोरलेला क्रमांक असतो. ती ज्या लॉकने बसवतात ते एकदा काढले की पुन्हा वापरता येत नाही. महाराष्ट्रात जुन्या दुचाकींसाठी तिचा दर ४५० रुपये अधिक जीएसटी असा ठरला. अनेकांनी याकडे दंड टाळण्याची कटकट म्हणून पाहिले, पण प्लेट बदलणे जितके अवघड, तितकी चोराची गाडी नजरेत भरणार.

आणि आरसी बुकची मूळ प्रत डिकीत ठेवू नका. गाडीबरोबर चोराच्या हाती कागदही पडले की ती विकणे सोपे होते. डिजिलॉकर किंवा एमपरिवाहन ॲपमधली कागदपत्रे तपासणीत चालतात.

गल्लीने काय करावे?

कॅमेरा लावला म्हणजे झाले, हा सोसायट्यांचा आवडता गैरसमज. तिसऱ्या मजल्यावरून खाली पाहणाऱ्या कॅमेऱ्यात माणसाचे डोके दिसते, चेहरा नाही आणि नंबर तर नाहीच. एक कॅमेरा गल्लीच्या तोंडाशी, नंबर प्लेट वाचता येईल इतक्या उंचीवर हवा. रात्री समोरून हेडलाइट पडल्यावर काय दिसते, हे एकदा स्वतः पाहावे. रेकॉर्डिंगमधली वेळ बरोबर असावी, नाहीतर तपासात घोळ होतो. रेकॉर्डिंग किती दिवस राहते, हेही ठाऊक हवे. चोरी उशिरा लक्षात आली तर तोवर ते पुसले गेलेले असते.

जिथे सोसायटी नोंदलेली नाही तिथे चाळ कमिटी किंवा गणेशोत्सव मंडळ हे काम करू शकते. गाड्या एका रांगेत, दिव्याच्या उजेडात लावायच्या, जमिनीत लोखंडी कड्या बसवून घ्यायच्या आणि प्रत्येक खोलीच्या गाडीचा नंबर एका वहीत लिहायचा. खर्च वाटून घेतला तर फारसा नाही. रस्त्यावरचा बंद पडलेला दिवा हा महापालिकेचा विषय. त्याची तक्रार एकाने करण्यापेक्षा गल्लीने सह्यांनिशी करावी. रात्रपाळीचे कामगार, दूधवाले आणि पेपरवाले अवेळी जागे असतात. कुठल्या नंबरवर फोन करायचा हे त्यांना माहीत हवे. तो नंबर आहे ११२.

गेलीच तर

आधी ११२ वर कळवा, मग पोलीस ठाणे गाठा. गाडी स्टेशनच्या आवारातून गेली असेल तर हद्द लोहमार्ग पोलिसांची की शहर पोलिसांची, हा प्रश्न निघू शकतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही पोलीस ठाण्यात हद्दीचा विचार न करता तक्रार देता येते. ती ऑनलाइन दिली तर ३ दिवसांत सही करावी लागते. एफआयआरची प्रत मोफत मिळते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीला कलम ३०३ खाली ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. प्रवासी किंवा माल वाहणारे वाहन चोरल्यास कलम ३०५ खाली ती ७ वर्षांपर्यंत जाते, हे रिक्षावाल्यांनी लक्षात ठेवावे.

केवळ थर्ड पार्टी विमा असेल तर चोरीची भरपाई मिळत नाही. सर्वसमावेशक विमा असेल तर कंपनीला लगेच कळवा. एफआयआर वेळेवर दिली असेल तर केवळ कंपनीला कळवायला उशीर झाला म्हणून दावा फेटाळता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंग प्रकरणात दिला. गाडी सापडली नाही तर पोलिसांचा ‘अ समरी’, म्हणजे गुन्हा खरा पण उकलला नाही असा, अहवाल दाव्यासाठी लागतो. कंपनी दोन्ही चाव्या मागते, म्हणून दुसरी चावी जपून ठेवा. गाडी सापडली तर न्यायालयात अर्ज करून ती बंधपत्रावर परत मिळवता येते. अशी वाहने पोलीस ठाण्यात वर्षानुवर्षे सडवू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात बजावले आहे.

गिऱ्हाईक नसेल तर

चोरीचा धंदा चोरावर चालतो, तितकाच गिऱ्हाईकावर. जुनी गाडी घेताना इंजिन आणि चासी क्रमांक आरसीशी जुळवा, एमपरिवाहनवर तपासा आणि राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या सेवेतून ती चोरीची नाही याची खात्री करा. निम्म्या भावात कागदांविना गाडी घेणारा भोळा नसतो. चोरीचा माल जाणूनबुजून घेणे हा न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे.

पोलिसांची गस्त वाढलीच पाहिजे आणि स्टेशनबाहेर माफक दरातले पार्किंगही झाले पाहिजे. दिवेकरांनी ते लावून धरावे. पण तोवर हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. येत्या रविवारी शेजारीपाजारी घरी असतील. गल्लीतल्या चार जणांना घेऊन कॅमेऱ्याची वेळ तपासा, बंद दिव्याची तक्रार लिहा आणि संध्याकाळी दुकानातून एक साखळी घेऊन या.