मूलद्रव्यांचा माग

मूलद्रव्यांची आवर्तसारणी पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर मावते आणि बहुसंख्य विद्यार्थ्यांच्या बाबतीत ती त्या पानाबाहेर कधी येतच नाही. ११८ चौकोनांपैकी परीक्षेपुरते पाठ करावयाचे आणि निकालानंतर विसरावयाचे, हा शिरस्ता जुना आहे. तो मोडण्याची एक वाट अगदी अनपेक्षित ठिकाणी, एका खेळात सापडते.

मे २००० मध्ये अमेरिकेने उपग्रहांच्या स्थाननिर्देशक संदेशांत मुद्दाम ठेवलेली अचूकतेची उणीव दूर केली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात एका गृहस्थाने रानात एक बादली लपवून तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. त्यातून ‘जिओकॅशिंग’ हा शोधाशोधीचा खेळ जन्मला. पुढे त्यात अटींची भर पडली. मूलद्रव्यांची नावे धारण करणारे डबे एकामागून एक शोधावयाचे आणि ठरावीक संख्या भरल्यावरच अखेरच्या डब्यावर हक्क सांगावयाचा, असा एक प्रकार रूढ झाला. तेथे मूलद्रव्य असते ते केवळ डब्याच्या नावात. जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांत मात्र डब्याला नाव देण्याची गरज नाही. मूलद्रव्ये तेथे प्रत्यक्षच हजर आहेत.

शिवनेरीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. या काळ्या पाषाणाच्या वजनात जवळजवळ अर्धा वाटा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या संयुगाचा असतो, आणि त्याची झीज होऊन तांबडी झालेली माती लोहाची साक्ष देते. कुकडीकाठी बोरी येथे ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. तिच्या वयाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु ती दूरच्या सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीतून आली, असे मानले जाते. नाणेघाटातील नागनिकेच्या लेखात यज्ञप्रसंगी दिलेल्या गायींबरोबर कार्षापण नाण्यांचीही नोंद आहे. सातवाहनांनी चांदी आणि तांब्याबरोबर शिशाचीही नाणी पाडली. ज्या धातूला आज बाजारात फारसा मान नाही, त्यावर राजमुद्रा उमटताच तो चलन होतो, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा त्या घाटातच शिकता येईल.

सातगाव पठारावरील बटाटा-उत्पादकाला तर तीन मूलद्रव्ये त्यांच्या किमतीसह ठाऊक असतात : नत्र, स्फुरद आणि पालाश. २०१० साली खतांसाठी पोषकद्रव्याधारित अनुदानपद्धती आली. पण युरिया तीतून वगळला गेला आणि त्याची किंमत सरकारच्याच नियंत्रणात राहिली. स्वस्त नत्र सढळ हाताने पडू लागले, महाग पालाश मागे राहिले. या असमतोलाची किंमत जमीन मोजते. शेतकऱ्याच्या मुलाने पोत्यावरचे तीन आकडे वाचून त्यांचा अर्थ वडिलांना समजावून सांगितला, तर त्या दिवशी रसायनशास्त्र खऱ्या अर्थाने घरी पोहोचले असे म्हणता येईल.

या मागावरील सर्वांत मोठा टप्पा अर्थातच खोडदचा. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून साकारलेल्या तेथील रेडिओ-दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आहेत. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची लहर सोडतो. विश्वाच्या प्रसरणाने ताणली जाऊन ४८ सेंटिमीटर झालेली अशीच एक लहर या दुर्बिणीने टिपल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. ती सुमारे ८८० कोटी वर्षे प्रवास करून आली होती. विश्वातील सर्वांत हलक्या मूलद्रव्याचा इतक्या दूरचा माग जुन्नर तालुक्यात लागला.

तथापि, या मागाला किंमत आहे आणि ती स्थानिक लोक मोजतात. अतिक्षीण लहरी टिपण्यासाठी परिसरात विद्युत-गोंगाट चालत नाही, म्हणून उद्योगांवर बंधने येतात. पुणे-नाशिक जलद लोहमार्गाचा नारायणगावमार्गे आखलेला रस्ताही दुर्बिणीवरील आक्षेपापायी बदलण्याची भूमिका रेल्वे खात्याने २०२५ साली मांडली. ज्ञान साऱ्या जगाचे आणि त्याग एका तालुक्याचा, हा हिशेब ज्यांना बोचतो त्यांना अडाणी ठरवून चालणार नाही. दुर्बीण हलवता येत नाही, हे खरे; पण तिच्या ज्ञानातील पहिला वाटा शेजारच्या शाळांना देता येतो. तो आजवर पुरेसा दिला गेलेला नाही.

म्हणूनच शिक्षकांनी आणि महाविद्यालयांनी असा ‘मूलद्रव्यांचा माग’ आखावा. त्यात डबा पुरू नये. लेणी आणि किल्ले संरक्षित आहेत, भीमाशंकरचे रान अभयारण्य आहे. प्रत्येक स्थळी एक प्रश्न ठेवावा आणि निरीक्षणातून मिळालेले उत्तर हीच टप्पा पार केल्याची खूण मानावी. बिबट्यांचा वावर लक्षात घेता सारा शोध दिवसाउजेडी आणि शिक्षकांसमवेत व्हावा. खोडदजवळ भ्रमणध्वनी बंदच ठेवावा लागेल. उपग्रहाच्या संकेतावर चालणाऱ्या खेळाने तेथे नकाशा आणि पायवाट यांवर विसंबावे, यातच अर्धा धडा आहे.

या उपक्रमाला मोठा निधी लागणार नाही. लागेल ती शिक्षकांची थोडी पायपीट. विज्ञान कुठेतरी परमुलखात घडते, ही समजूत ग्रामीण विद्यार्थ्याच्या मनातून काढणे हे त्याला ११८ नावे पाठ करावयास लावण्यापेक्षा कितीतरी मोलाचे आहे.