'टर्मिनेटर २' : एक चित्रपट, अनेक डिस्क

'टर्मिनेटर २ : जजमेंट डे' अमेरिकेत ३ जुलै १९९१ रोजी प्रदर्शित झाला. तेव्हापासून घरी बघण्यासाठी तो जितक्या रूपांत विकला गेला, तितक्या रूपांत क्वचितच दुसरा एखादा चित्रपट विकला गेला असेल. व्हीएचएस कॅसेट, लेझरडिस्क, डीव्हीडी, संगणकावर चालणारी हाय डेफिनिशन डिस्क, ब्ल्यू-रे आणि मग फोरके. बाजारात नवे तंत्र आले की थोड्याच दिवसांत हा चित्रपटही त्यावर यायचा. या साऱ्या आवृत्त्या ओळीने मांडल्या तर घरगुती व्हिडिओचा पाव शतकाचा प्रवास दिसतो. तो पाहताना एक गोष्ट खटकते. कागदावर प्रत्येक डिस्क आधीच्या डिस्कपेक्षा सरस होती. पण चित्रपटासोबत प्रेक्षकाच्या हाती जे जास्तीचे पडत होते, ते एका टप्प्यानंतर आटत गेले.

मुळात हा चित्रपट पुन्हापुन्हा पाहण्याचाच. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनने १९८४ च्या छोट्या बजेटच्या 'द टर्मिनेटर'चा हा दुसरा भाग काढला तेव्हा खर्च दहा कोटी डॉलरच्या आसपास गेला, आणि त्या वेळी हा आकडा ऐकून हॉलिवूडचेही डोळे विस्फारले होते. खर्चाचे चीज झाले. जगभरात पन्नास कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमला आणि चार ऑस्कर मिळाले : ध्वनी, ध्वनिपरिणाम, रंगभूषा आणि दृश्य परिणाम. रॉबर्ट पॅट्रिकने साकारलेला वितळलेल्या धातूचा टी-१००० हा खरा चमत्कार. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने संगणकावर घडवलेली त्याची दृश्ये सगळी मिळून जेमतेम पाचेक मिनिटांची. बाकीचे काम स्टॅन विन्स्टनच्या स्टुडिओतल्या पुतळ्यांनी, मुखवट्यांनी आणि यांत्रिक हातापायांनी केले. संगणक कुठे संपला आणि पुतळा कुठे सुरू झाला, हे थिएटरात एकदा पाहून कळत नाही. त्यासाठी चित्र थांबवावे लागते, मागे न्यावे लागते, आणि ते घरीच जमते.

पहिल्यांदा घरी आली ती कॅसेट, १९९१ च्याच अखेरीला. तेव्हा अमेरिकेत नव्या चित्रपटाची कॅसेट बहुधा भाड्याने देणारी दुकानेच घेत, कारण तिची किंमत शंभर डॉलरच्या घरात असे. घरच्या टीव्हीचा पडदा जवळजवळ चौकोनी आणि चित्रपटाचा लांबट, त्यामुळे बहुतेक चित्रपटांच्या दोन्ही कडा कापल्या जात. कॅमेरॉनने मात्र हा प्रश्न चित्रीकरणाच्या वेळीच विचारात घेतला होता. त्याने सुपर ३५ पद्धत वापरली. तीत फिल्मवर वर-खाली जास्तीचे चित्र उतरते. थिएटरसाठी ते झाकायचे, टीव्हीसाठी उघडायचे. कॅसेटवर दोन्ही कडा थोड्या जात, पण वर-खाली थिएटरात न दिसलेला भाग दिसे. संगणकीय परिणामांच्या दृश्यांत ही सोय नव्हती. तिथे कापाकापी व्हायचीच.

खरी गंमत सुरू झाली १९९३ मध्ये, लेझरडिस्कवर. ही डिस्क जेवणाच्या ताटाएवढी, सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाची. एका बाजूवर जास्तीत जास्त तासभराचे चित्र मावे. प्रत्येक फ्रेम स्वच्छ थांबवून पाहायची, तर त्या प्रकारच्या डिस्कवर एका बाजूला अर्धाच तास. म्हणजे ऐन पाठलागात उठून डिस्क उलटायची. एवढा खटाटोप हौशी माणसेच करणार, आणि म्हणून निर्मातेही त्यांच्यासाठी हात सैल सोडत. 'टर्मिनेटर २'च्या 'स्पेशल एडिशन'ची जबाबदारी कॅमेरॉनच्या लाइटस्टॉर्म कंपनीतल्या व्हॅन लिंगने उचलली. १३७ मिनिटांचा चित्रपट पंधरा-सोळा मिनिटांनी वाढला. गाळलेली दृश्ये नुसती पुरवणीत न टाकता संगीत आणि ध्वनी चढवून मूळ कथेत जागच्या जागी बसवली होती. नायिका सारा कॉनरच्या स्वप्नात आलेला, पहिल्या भागातला तिचा प्रियकर काइल रीझ, हसायला शिकणारा टर्मिनेटर म्हणजे अर्नोल्ड श्वार्झनेगर, पोलाद कारखान्यात हातपाय जिथे टेकतील तिथे चिकटू लागलेला टी-१०००, हे सारे या आवृत्तीत आले.

त्यातले एक दृश्य तर या चित्रपटाचा कणाच म्हणावे असे. सारा आरशासमोर बसलेल्या टर्मिनेटरचे डोके उघडून त्यातली चिप काढते. चिप काढताच यंत्र निपचित. चिप टेबलावर ठेवून सारा हातोडा उगारते आणि तिचा मुलगा जॉन, भविष्यातला मानवांचा नेता, तिला अडवतो. उद्या लोकांनी आपले ऐकायला हवे असेल तर निदान आज आईने तरी ऐकावे, असा त्याचा मुद्दा. चित्रपटभर आईच्या छायेत असलेला पोरगा इथे पहिल्यांदा नेता होतो. थिएटरच्या प्रतीत हे दृश्य नाही, आणि जॉनमधला हा बदल तिथे सूचकच राहतो.

आता त्याची करामत. कॅमेरा साराच्या मागे, समोर आरसा, आरशात दोघांचे चेहरे. प्रत्यक्षात आरसा नव्हताच. भिंतीत आरशाच्या आकाराचे भगदाड पाडले आणि पलीकडे तीच खोली उलट बाजूने उभी केली. कॅमेऱ्याकडे पाठ करून बसला आहे तो श्वार्झनेगरचा पुतळा, त्याचे डोके उघडते आहे ती साराची भूमिका करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण लेस्ली. भगदाडापलीकडे, तोंड आपल्याकडे करून, खरी लिंडा आणि खरा श्वार्झनेगर. दोघी बहिणींनी हाताच्या हालचाली तंतोतंत जुळवायच्या. आज संगणकावर सहज होईल असे हे काम तेव्हा लाकूड, रबर आणि दोन बहिणींच्या सरावावर पार पडले. एवढी मेहनत घेतलेले दृश्य लांबी आवरताना कात्रीत गेले, आणि लेझरडिस्क आली म्हणून ते लोकांना दिसले.

कॅमेरॉनने या आवृत्तीला 'डायरेक्टर्स कट' मात्र म्हटले नाही. थिएटरात दाखवली तीच आपली पसंतीची प्रत, ही दुसरी रसिकांसाठी, अशी त्याची भूमिका होती. म्हणूनच २०२९ सालच्या वॉशिंग्टनमधली म्हातारी सारा आणि सेनेटर झालेला जॉन दाखवणारा सुखान्त शेवट त्याने या आवृत्तीतही कथेबाहेर, पुरवणीतच ठेवला. रात्रीच्या महामार्गावर संपणारा अनिश्चित शेवट त्याला अधिक खरा वाटत होता. मला त्याचे म्हणणे पटते. त्या सुखान्त दृश्याने चित्रपटाचा ताणच निघून जातो. पण दोन्ही शेवट पाहायला मिळाल्यामुळेच आपल्याला हे मत बनवता येते.

कथेत मानवजातीचा संहार घडायचा दिवस आहे २९ ऑगस्ट १९९७. प्रत्यक्षात त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत डीव्हीडी आली आणि लेझरडिस्कचे दिवस भरले. तोवर चित्रपट काढणारी कॅरोल्को कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली होती आणि तिचा चित्रसंग्रह फ्रान्सच्या कॅनाल प्लसकडे गेला होता. अमेरिकेत कॅसेट विकणाऱ्या लाइव्हचे नाव बदलून आर्टिझन झाले, आणि २००३ मध्ये आर्टिझन लायन्सगेटच्या पोटात गेली. मालक बदलत राहिले, माल मात्र तोच. पहिली डीव्हीडी १९९७ मध्ये निघाली, ती साधीच होती. कळस गाठला तो २९ ऑगस्ट २००० रोजी बाजारात आलेल्या 'अल्टिमेट एडिशन'ने.

धातूच्या वेष्टनातल्या या डिस्कच्या दोन्ही बाजूंवर मजकूर होता. एका बाजूला चित्रपट, दुसऱ्या बाजूला पटकथा, शेकडो स्टोरीबोर्ड, प्रत्येक विभागाच्या कामाचे तुकडे. काम पुन्हा व्हॅन लिंगचेच. चित्रपटाच्या थिएटर आणि स्पेशल अशा दोन प्रती मेनूत दिसत, आणि तिसरी लपवलेली होती. रिमोटवर ८-२-९-९-७ ही बटणे, म्हणजे संहाराच्या दिवसाची अमेरिकी पद्धतीची तारीख, दाबली की ती उघडे. तिच्यात टी-१००० जॉनच्या खोलीची झडती घेतो ते दृश्य आणि तो सुखान्त शेवट जोडलेला होता. एकाच डिस्कवर सामायिक दृश्ये एकदाच साठवायची आणि फरकाच्या जागी प्लेअरने वेगळी वाट धरायची, या डीव्हीडीच्या सोयीचा हा नामी वापर.

ध्वनीसाठीही ही डिस्क मोलाची. ध्वनिरचनाकार गॅरी रायडस्ट्रॉमने टी-१००० चे आवाज कसे बनवले हे जाणून मग तीच दृश्ये ऐकावीत. इस्पितळात टी-१००० गजांच्या दारातून आरपार निघतो तेव्हाचा आवाज आहे डब्यातून हळूहळू घसरत बाहेर येणाऱ्या कुत्र्याच्या खाद्याचा. दृश्य संगणकाचे, आवाज स्वयंपाकघरातला. हे एकदा कळले की त्या क्षणी नजर पडद्यावर आणि कान भलतीकडे जातात.

भारतात तेव्हा वेगळेच चित्र होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात इंग्रजी चित्रपट घरी पोचायचा तो भाड्याच्या कॅसेटवरून, केबलवाल्याच्या स्वतःच्या चॅनेलवरून आणि नंतर व्हीसीडीवरून. व्हीसीडीच्या एका डिस्कवर सव्वा तासाच्या आतबाहेर चित्र मावे, म्हणजे 'टर्मिनेटर २'सारख्या चित्रपटाला दोन डिस्क लागणार. धूर, आग, वेगवान हालचाल आली की चित्राचे चौकोन पडत, आणि या चित्रपटात दुसरे आहे काय! डीव्हीडी आल्यावर रीजन कोडची भानगड आली : अमेरिका रीजन १, भारत रीजन ५. तिकडून कुणा नातेवाइकाने आणलेली डिस्क इथल्या प्लेअरवर चालायची तर तो 'ऑल रीजन' करून घ्यावा लागे.

जून २००३ च्या 'एक्स्ट्रीम एडिशन'ने तर त्यावर कडी केली. ब्ल्यू-रे यायच्या तीन वर्षे आधी या संचातल्या दुसऱ्या डिस्कवर चित्रपट हाय डेफिनिशनमध्ये होता, मायक्रोसॉफ्टच्या विंडोज मीडिया पद्धतीत. टीव्हीवर ती चालत नसे. त्या काळातला दमदार संगणक हवा आणि प्रत्येकाने इंटरनेटवरून परवाना घ्यायचा. हा परवाना उत्तर अमेरिकेबाहेर मिळत नव्हता. म्हणजे पुण्या-मुंबईतल्या एखाद्या हौशी माणसाने पदरमोड करून डिस्क मागवली, तरी हाय डेफिनिशनचा भाग त्याच्यासाठी बंदच. विकत घेतलेल्या वस्तूची किल्ली विकणाऱ्याकडेच राहणार, हा प्रकार आज अंगवळणी पडला आहे. तेव्हा तो नवा होता.

ब्ल्यू-रे अमेरिकेत जून २००६ मध्ये आली आणि त्याच वर्षी लायन्सगेटने 'टर्मिनेटर २'ही काढला. चित्र फिके, काम घाईचे. २००९ च्या 'स्कायनेट एडिशन'मध्ये तिन्ही प्रती एका डिस्कवर आल्या, ही जमेची बाजू. सोबत धातूच्या कवटीचा पुतळा असलेला महागडा संचही निघाला. पण २००० च्या डिस्कवरचे पुष्कळसे साहित्य त्या ब्ल्यू-रे डिस्कवर आलेच नाही.

२०१७ मध्ये कॅमेरॉनच्या देखरेखीखाली मूळ निगेटिव्हवरून फोरके प्रत झाली. ती थ्रीडीत रूपांतरित होऊन ऑगस्टमध्ये थिएटरात आणि वर्षअखेरीला डिस्कवर आली. पंचवीस वर्षे लोकांनी चित्र थांबवून पकडलेल्या चुका या वेळी दुरुस्त झाल्या. कालव्यात उडी घेताना ट्रकची निखळलेली काच पुढच्या शॉटमध्ये पुन्हा जागेवर दिसे, ती आता दिसत नाही. मोटरसायकलच्या उडीत स्टंटमनचा चेहरा ओळखू येई, तिथे श्वार्झनेगरचा चेहरा बसवला. पण या सफाईत फिल्मचा दाणाही पुसला गेला. माणसांची कातडी मेणासारखी गुळगुळीत झाली आणि जाणकारांनी त्यावर सडकून टीका केली. शिवाय फोरके डिस्कवर फक्त थिएटरची प्रत आहे. म्हणजे आरशाचे ते दृश्य या चित्रपटाच्या सर्वांत अद्ययावत डिस्कवर नाहीच.

असे का झाले, याचे उत्तर बाजारात आहे. एकदा पाहिलेला, एकदा विकत घेतलेला चित्रपट माणसाने पुन्हा घ्यावा, तर साडीवर ब्लाउजपीस द्यावा तसे काहीतरी वर द्यावे लागते. गाळलेली दृश्ये, निर्मितीची हकिकत, गुप्त प्रती हे ते वरचे देणे होते. पुढे पुढे धातूची कवटी, यांत्रिक हात अशी खेळणी देणे सोपे वाटू लागले, कारण त्यासाठी कुणाला वर्षभर जुनी कागदपत्रे धुंडाळावी लागत नाहीत. आता तर डिस्कचीच ओहोटी आहे. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणे सप्टेंबर २०२३ मध्ये बंद केले, बेस्ट बाय या मोठ्या अमेरिकी साखळीने २०२४ मध्ये डिस्क विकणे सोडले. महिन्याची वर्गणी भरणाऱ्या प्रेक्षकाला तोच चित्रपट दुसऱ्यांदा विकायचा नसतो, त्यामुळे त्याला आमिष दाखवण्याची गरज उरत नाही. स्ट्रीमिंगवर जागेची अडचण नाही, व्हॅन लिंगची सगळी सामग्री तिथे आरामात मावेल. ती तिथे ठेवण्यात कुणाचा फायदा नाही, एवढेच.

म्हणून कुणी विचारले की 'टर्मिनेटर २'ची कोणती डिस्क घ्यावी, तर माझे उत्तर सरळ आहे. चित्रपटाच्या तिन्ही प्रतींसाठी २००९ ची ब्ल्यू-रे आणि तो कसा घडला हे समजण्यासाठी २००० ची डीव्हीडी. दुसरी आता जुन्या मालाच्या बाजारातच मिळेल आणि आजच्या मोठ्या टीव्हीवर तिचे चित्र मऊ दिसेल. पण चित्रपट बनवणे म्हणजे काय, हे शिकवणारी शाळा तिच्यावर आहे, आणि ती केवळ माल खपावा म्हणून उघडली गेली होती, म्हणून तिची किंमत कमी होत नाही.