पाणी आणि वाट (भाग 5) : पूल नसलेला पूल

कोल्हापुरातल्या राजारामपुरीच्या गल्ल्यांना जसे नंबर, तसे इंग्लंडमधल्या जुन्या कालव्यांवरच्या पुलांनाही असतात. त्यातले कितीतरी पूल कुठल्याच गावाला जात नाहीत. या शेतातून निघायचं, पलीकडच्या शेतात उतरायचं, संपलं. अठराव्या शतकात खासगी कंपन्यांनी पार्लमेंटकडून कायदे करून घेतले आणि मालवाहतुकीसाठी कालवे खणले. ते थेट शेतांमधून गेले. गोठा अलीकडे, कुरण पलीकडे. ज्याची जमीन अशी तुटली, त्याला कंपनीनं पूल बांधून द्यायचा, असा दंडक होता.

पैसे वाचवायचे म्हणून हे पूल जेमतेम गाडी जाईल एवढेच. 1816 मध्ये पूर्ण झालेल्या स्ट्रॅटफर्ड कालव्यावरचे काही पूल तर मधोमध दुभंगलेले आहेत. दोन्ही काठांवरून लोखंडी अर्धे भाग पुढे येतात आणि मध्ये बारीक फट राहते. नाव ओढणाऱ्या घोड्याचा दोर त्या फटीतून पार व्हायचा, घोडा सोडावा लागत नसे.

आता आपल्याकडे या. शाहू महाराजांनी भोगावती नदीवर सुरू केलेलं राधानगरी धरण 1957 मध्ये पूर्ण झालं. त्याचं पाणी कालव्यानं न नेता नदीतच सोडलं जातं. खाली ठिकठिकाणी बंधारे घालून ते अडवायचं आणि काठावरच्या मोटारींनी उचलायचं, ही आपली रीत. अशा बंधाऱ्याला देशभर ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ म्हणतात. कालव्यानं कुणाचं रान तुटलं नाही, त्यामुळे पूल देण्याचं बंधनही कुणावर आलं नाही.

तरी वाट मिळाली, ती बंधाऱ्याच्या रचनेतून. नदीत ओळीनं खांब आणि खांबांना उभ्या खाचा. पावसाळा सरला की त्या खाचांत दोन ओळींनी बरगे, म्हणजे फळ्या, बसवतात आणि मधल्या पोकळीत माती ठासतात. पुढच्या पावसाआधी सगळे बरगे काढून पुराला रस्ता मोकळा करून देतात. हे काम करणाऱ्यांना उभं राहायला खांबांवर स्लॅब लागतो. त्याच स्लॅबवरून मग वैरणीचे भारे, दुधाचे कॅन, सायकली आणि मोटारसायकली जाऊ लागल्या. दोन्ही काठांच्या पाणंदी तिथं येऊन मिळाल्या.

पण बंधारा बुडण्यासाठीच बांधलेला असतो. स्लॅब उंच नेला तर खर्च वाढतो. भक्कम कठडे बांधले तर वाहून आलेली झाडं त्यात अडकून पाण्याचा जोर खांबांवर येतो. म्हणून पाऊस लागला की पेपरात पहिली बातमी येते ती राजाराम, सुर्वे, रुई, तेरवाड, शिरोळ हे बंधारे पाण्याखाली गेल्याची. राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आकडे इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. बंधाऱ्यावरची वाट मात्र त्याच्या कितीतरी आधीच बंद झालेली असते आणि दूधवाल्याला लांबचा वळसा पडतो.

इंग्लंडमधला शेतपूल ही भरपाई होती, म्हणून तो राखण्याची जबाबदारीही ठरलेली होती. आपली वाट पाणी अडवताना आपसूक मिळाली. बंधारा पाटबंधारे खात्याचा आणि त्याचं काम पाणी अडवण्याचं. वाहतूक त्याच्या हिशेबात नाही. बंधाऱ्याशेजारी उंच पूल मागणाऱ्या गावांचं म्हणणं एवढंच आहे, की रोज वापरात असलेली वाट कागदावरही रस्ता म्हणून यावी.

(पुढच्या आठवड्यात : पाणंद कुणाच्या मालकीची?)