डोळ्यांत दडून बसणारा जंतु

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आतां इतकी सुलभ झाली आहे कीं, सकाळीं रुग्णालयांत गेलेला रुग्ण बहुधा सायंकाळीं घरीं परततो आणि पट्टी सुटतांच नातवंडांचीं तोंडें स्पष्ट पाहूं लागतो. अशा हजार रुग्णांत क्वचित् एखाद्याच्याच डोळ्याच्या आंत जंतु शिरतात. प्रमाण अल्प खरें. पण ज्याचा डोळा गेला, त्याचें त्या अल्पतेनें काय समाधान होणार?

बहुतेक वेळां हे जंतु थोड्याच दिवसांत आपलें स्वरूप प्रकट करितात. डोळा लाल होतो, ठणकतो व दृष्टि झपाट्यानें मंदावते. मग गोळ्या घेऊन कां भागत नाहीं? रक्तांतील वाटेल तो पदार्थ डोळ्याच्या आंत शिरूं नये, अशी निसर्गानेंच व्यवस्था केली आहे. त्यामुळें पोटांतून घेतलेलें औषधहि बहुतांशीं उंबरठ्यावरच अडतें. म्हणून डोळा बधिर करून त्याच्या पांढऱ्या भागांतून सूक्ष्म सुई आंत घालतात, भिंगामागील पारदर्शक गराचा थोडा अंश तपासणीसाठीं काढून घेतात आणि तेथेंच सामान्यतः व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम व सेफ्टाझिडीम २.२५ मिलिग्रॅम सोडतात. अमेरिकेंत ४२० रुग्णांवर झालेल्या व १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असें आढळलें कीं, शिरेंतून दिलेल्या औषधांनीं अधिक लाभ झाला नाहीं. मात्र ज्यांना केवळ उजेड कळण्याइतकीच दृष्टि उरली होती, त्यांना तो गर तत्काळ काढून टाकल्यानें पुष्कळ फायदा झाला.

हा झाला उघड शत्रु. दुसरा एक जंतु विरळा, पण अधिक कपटी आहे. क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नीस हें त्याचें नांव. मनुष्याच्या त्वचेंतील तेलकट ग्रंथींत तो नित्य वास करितो. शस्त्रक्रियेच्या वेळीं तो डोळ्यांत शिरला, तर कृत्रिम भिंग ज्या पातळ पिशवींत बसविलेलें असतें, तिच्या घडींत दडून राहतो. त्याची वाढ अगदीं मंद. म्हणून लक्षणें कित्येक आठवड्यांनीं, कधीं महिन्यांनीं दिसतात. वेदना थोडी, लाली थोडी. स्टिरॉइडचे थेंब घातले कीं डोळा निवळतो; थांबविले कीं पुन्हां लाल होतो. ही साधी सूज आहे, अशा समजुतीनें महिने निघून जातात. पिशवीवरील पांढरट डाग पाहून जाणत्या वैद्याला संशय येतो. प्रयोगशाळेंतहि नमुना दोन-चार दिवसांत टाकून दिला, तर कांहींच हातीं लागत नाहीं. तो दोन आठवडे राखावा लागतो.

सुईनें सोडलेलें औषध येथें पुष्कळदां तात्पुरतेंच ठरतें, कारण घडींत दडलेल्या जंतूंचा त्यानें समूळ नाश होत नाहीं. म्हणून शस्त्रवैद्य गर काढून पिशवीचा बाधित भाग कापून टाकतात. तरीहि रोग उलटला, तर संपूर्ण पिशवी व तिच्यांतील भिंगहि काढावें लागतें. बसविलेलें भिंग काढणें कोणत्याहि वैद्याला सुखाचें नसतें. परंतु जंतूचें घर राखून जंतु घालवितां येत नाहीं.

प्रतिबंधासाठीं शस्त्रक्रियेपूर्वीं डोळ्यांत पोव्हिडोन-आयोडीन घालतात. शस्त्रक्रियेच्या अखेरीस डोळ्याच्या आंत मॉक्सिफ्लॉक्सॅसिन सोडल्यानें संसर्ग पुष्कळ घटतो, असें मदुरेच्या अरविंद नेत्र रुग्णालयानें २०१७ सालीं सुमारें सहा लाख शस्त्रक्रियांच्या आधारें दाखविलें.

रुग्णाचें कर्तव्य मात्र सोपें आहे. शस्त्रक्रियेनंतर डोळा ठणकूं लागला किंवा अंधुक झाला, तर उद्यांची वाट न पाहतां त्याच दिवशीं वैद्याकडे जावें. आणि महिन्यांनंतरहि थेंब थांबतांच डोळा लाल होऊं लागला, तर “माझी मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली आहे” एवढें वाक्य सांगण्यास विसरूं नये. त्या एका वाक्यानें डोळा वाचण्याचा संभव असतो.